थोरल्या दिरांच्या मागची सायकल

मी आयुष्यात तीन वेळा सायकलच्या शर्यतीत उतरले आणि तिन्ही वेळा हरले. दोन शर्यती रस्त्यावरच्या होत्या, चाळिशीच्या वरच्यांच्या. तिसरी शाळेच्या मैदानात, सायकल हळू चालवण्याची. तिच्यात जो सगळ्यांच्या शेवटी पोचतो तो जिंकतो. मला वाटलं, ही तरी आपल्या हातची आहे. पण हळू चालवली की माझी सायकल पडते. ती पडेल म्हणून मी घाबरून जोरात पाय मारले आणि सगळ्यांच्या आधी पलीकडे जाऊन उभी राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हरले हे मला घरी आल्यावर जाऊबाईंनी समजावून सांगितलं.

पहिल्या शर्यतीचं मात्र नीट लिहून ठेवावं असं वाटतं. तिच्यात माझी सायकल जायची वेळ आली होती.

माझं माहेर राणीसावरगाव. घरात मेंढरं. आमच्या शेजारच्या खोलीत शाळेचे मास्तर राहायचे आणि आई त्यांना भाकरी करून द्यायची. त्या भाकरीपायी मास्तरांनी मला चौथीपर्यंत शिकवलं. पुढे त्यांची बदली झाली आणि माझं शिक्षण संपलं. ते राहिले असते तर भाकरीच्या जोरावर मी कुठे जाऊन पोचले असते सांगता येत नाही.

लग्न होऊन झरीला आले. मालक लवकर गेले. एक मुलगी, तीही लग्न होऊन सासरी गेली. मी थोरले दीर आणि जाऊबाई यांच्या घरात राहत होते. निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर काही वर्षांनी गावात सरकारी दवाखाना निघाला, आणि दाईच्या कामाला चौथी शिकलेली बाई पाहिजे म्हणून डॉक्टरीणबाई घरोघर विचारत आल्या. तशी बाई गावात मी एकटीच होते. डॉक्टरीणबाईंनी थोरल्या दिरांना विचारलं. ते भिंतीकडे बघून म्हणाले, "बाळंतपणाचं काम हाय. त्याला न्हाई म्हणू नये."

ते भिंतीकडे का बघत होते ते सांगायला पाहिजे. मी दाराआड उभी होते म्हणून. आमच्या घरात थोरले दीर आणि धाकटी भावजय यांनी एकमेकांशी बोलायचं नसे. ते घरात यायच्या आधी उंबऱ्याबाहेर खाकरायचे. खाकरणं ऐकू आलं की मी डोक्यावर पदर ओढून बाजूला व्हायचं, भिंतीला लागायचं, आणि ते निघून जायचे. त्यांच्या पुढून चालायचं नाही, त्यांच्या समोर बसायचं नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं एका घरात राहून आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. त्यांना काही सांगायचं असलं की ते भिंतीला सांगत, बैलाला सांगत, जाऊबाई जवळ असल्या तर त्यांना सांगत. मी जाऊबाईंना आक्का म्हणायची आणि माझं सगळं आक्कांना सांगायची. भिंतीकडून निरोप पोचला नाही असं एकदाही झालं नाही.

दाईचं शिक्षण घेऊन मी परभणीहून आले, आणि वर्षभरानं दवाखान्याला एक सायकल आली. काळी, जड, गड्यांची, मध्ये आडवा दांडा असलेली. आसपासच्या गावांना दाईला जाता यावं म्हणून ती आली होती. ती पाहून मला आधी हसू आलं आणि मग ही मलाच चालवायची आहे हे कळल्यावर ताप आला. ताप खरोखरच आला. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली आणि दुसऱ्या दिवशी सुगी संपलेल्या एका खळ्यात घेऊन गेल्या.

नऊवारीच्या कासोट्यामुळे दांड्याची अडचण झाली नाही. अडचण चढण्याची होती. गडी लोक एक पाय पायटावर, म्हणजे पेडलवर, ठेवतात, दुसऱ्या पायानं दोन-चार वेळा ढकलतात आणि मागून टांग टाकतात. मी तसं करायला गेले की सायकल एकीकडे आणि मी एकीकडे. महिनाभर प्रयत्न केला. शेवटी डॉक्टरीणबाई दमून म्हणाल्या, "बाई, त्या दगडावर उभ्या राहा आणि तिथून बसा." दगडावर उभी राहिले, सायकल खाली धरली, टांग टाकली, बसले, आणि निघाले. खळ्याला सात फेरे घातले. थांबायचं कसं ते शिकवायचं राहिलं होतं म्हणून सात.

तेव्हापासून मी दगडावरूनच चढते. आजही. दवाखान्याची पायरी, मारुतीचा पार, विहिरीचा कठडा, मैलाचा दगड, कुणाच्या दारातलं उखळ, जिथे उंचवटा तिथे माझं स्टेशन. कुठल्या गावाच्या वाटेला कुठे दगड आहे हे मला पाठ होतं. जिथे दगड नाही तिथे उतरायचं नाही, आणि उतरावं लागलंच तर पुढच्या दगडापर्यंत सायकल हातात धरून चालायचं. बायका हसायच्या. "आली ग माय सायकलवाली. सायकलला चालवायलीय का सायकल हिला चालवायलीय?" मी खाली मान घालून जायची. पण रात्री-अपरात्री निरोप आला तर दोन घंट्यांची वाट मी अर्ध्या घंट्यात जात होते. एकदा एका वस्तीवर मूल पायाळू होतं. सायकल नसती तर मी पोचेपर्यंत काही उरलं नसतं. त्या बाईच्या सासूनं नंतर सायकलला हळदकुंकू लावलं. मला नुसता चहा दिला.

अशी दोनेक वर्षं गेली. मग हैदराबाद स्टेट मोडलं, आम्ही मुंबई राज्यात गेलो, आणि नवे साहेब तपासणीला आले. ते जीपमधून येत असताना मी नेमकी बिनदगडाच्या रस्त्यावर होते. सायकल हातात, दाईच्या सामानाची पेटी मागे बांधलेली, आणि मी चालतेय. साहेबांनी जीप थांबवली. मी पदर ओढून उभी राहिले.

"बाई, ही सायकल तुम्हाला बसायला दिलीय की चरायला न्यायला?"

दगड नाही म्हणून चालतेय असं सांगितलं असतं तर त्यांना काय समजलं असतं कुणास ठाऊक. मी नुसती मान हलवली. कशाला हो आणि कशाला नाही, ते माझं मलाही माहीत नव्हतं.

दवाखान्यात येऊन साहेब डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "त्या बाईंचं वय झालं. सायकल कंपाउंडरकडे द्या. सरकारी वस्तू वापरात असली पाहिजे."

कंपाउंडर तिथेच उभा होता. तो काही वाईट माणूस नव्हता, पण त्याला परभणीला सिनेमाला जायला सायकल हवी होती हे सगळ्या गावाला माहीत होतं.

डॉक्टरीणबाई चिडल्या. त्या चिडल्या की फार सावकाश बोलायच्या. म्हणाल्या, "साहेब, बाई रोज सात-आठ मैल चालवतात. खात्री करायची असेल तर सव्वीस जानेवारीला तालुक्याची शर्यत आहे. झरी ते परभणी. चाळिशीच्या वरच्यांचा वेगळा गट आहे. बाई बेचाळीस वर्षांच्या आहेत. त्यांचं नाव घालते."

साहेबांना गंमत वाटली. ते म्हणाले, "घाला. पूर्ण केली आणि शेवटचा नंबर आला नाही, तर सायकल त्यांची. शेवटचा आला तर कंपाउंडरची."

मी औषधांच्या कपाटाआड उभी राहून हे ऐकत होते. एक शब्द बोलून नाही म्हणता आलं असतं. तो शब्द सापडेपर्यंत साहेब जीपमध्ये बसले होते.

घरी आक्कांना सांगितलं. आक्का भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. "शर्यत? गड्यांत?"

"व्हय."

"आन् सगळी परभणी बघंल?"

"व्हय."

"मग लुगडं कोणतं नेसायलीस?"

थोरले दीर ओसरीत जेवत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हात धुऊन ते गोठ्यात गेले आणि बैलाला म्हणाले, "आता शर्यतीत बायाबी पळवायलेत. तुझा नंबर कवा लागायचा बघ." एवढंच. त्याचा अर्थ हो की नाही ते बैलालाही समजलं नसेल. पण नाही म्हटलं नाही, म्हणजे मला जायचं होतं. खरं सांगायचं तर त्यांनी नाही म्हणावं अशी माझी फार इच्छा होती.

सव्वीस जानेवारीच्या सकाळी झेंडावंदन झालं आणि सगळे रस्त्यावर आले. थंडी होती. माझं अंग थंडीनं कापतंय असं मी सगळ्यांना सांगत होते. तरुण पोरांची शर्यत आधी सुटली. मग चाळिशीच्या वरच्यांना बोलावलं. लोक त्याला म्हाताऱ्यांची शर्यत म्हणत होते. आम्ही नऊ जण होतो. पोस्टमन होता, तो जिंकणार हे ठरलेलंच. एक निवृत्त हवालदार, एक शिंपी, शाळेचे हेडमास्तर, आणखी दोन-तीन. आणि त्यांच्या कडेला, डोक्याला पांढरा पटका बांधून, बाजाराला जायची आपली जुनी सायकल धरून, थोरले दीर.

मी दवाखान्याच्या भिंतीला लागले. सवयच ती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते झेंड्याकडे बघत होते. त्यांचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे. शर्यतीत उतरल्याचं त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं, बैलालाही नाही. कारण बैलाला सांगितलं असतं तर ते आम्हाला कळलं असतं.

पहिली अडचण तिथेच आली. चुन्यानं रेघ मारली होती आणि सगळ्यांनी रेघेवर उभं राहायचं होतं. मारुतीचा पार तिथून पंधरा-वीस पावलं मागे. मी सायकल घेऊन पाराकडे गेले. शर्यत सोडायला आलेले मामलेदार म्हणाले, "बाई, इकडं. रेघेवर." मी पारावर चढले. मामलेदारांना वाटलं बाई देवाच्या पाया पडतेय, ते थांबले. तेवढ्यात शिट्टी झाली. आठ जण रेघेवरून सुटले आणि मी पारावरून. म्हणजे मी अकरा मैलांची नाही, अकरा मैल वीस पावलांची शर्यत केली. हे कुणी मोजलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

पहिले तीन मैल बरे गेले. मी सगळ्यांत मागे होते पण सगळे दिसत होते. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, मधेमधे तूर आणि करडई. शेतातल्या बायका हुरडा सोडून बांधावर येऊन बघत होत्या. एक जण ओरडली, "आगं, ही दाईबाई न्हाई का? कुणाचं पोट दुखायलंय इतक्या घाईनं?" मी हसले असते, पण तोंड उघडलं की वारा पोटात जात होता.

चौथ्या मैलाच्या पुढे मेंढरं आडवी आली. चार-पाचशे तरी असतील. थंडीच्या दिवसांत धनगर मेंढरं घेऊन शेतात बसवायला येतात, त्यातलाच एक कळप एका रानातून दुसऱ्या रानात जात होता. सगळा रस्ता पांढरा-काळा. पोस्टमन घंटी वाजवत होता, हवालदार ओरडत होते, शिंपी खाली उतरून विजारीला लागलेली धूळ झटकत होता. मेंढरं घंटीला भीत नाहीत. ओरडलं की ती एकमेकांत घुसतात आणि जास्तच घट्ट होतात. मेंढका पार पलीकडे मागे राहिला होता.

हे बघून मला राहवलं नाही. इतक्या गड्यांत मी एरवी तोंड उघडलं नसतं, पण मेंढरांपुढे मला लाज वाटत नाही, लहानपणापासून त्यांच्यातच होते. मी सायकल कडेला टेकवली, पुढची म्होरकी मेंढी हेरली, तिच्या मानेत हात घातला आणि माहेरी काढायचे तसा जिभेचा आवाज काढून तिला तुरीच्या बांधाकडे वळवली. ती वळली तशी मागची वळली, तिच्या मागची वळली. दोन-तीन मिनिटांत अर्धा रस्ता मोकळा झाला.

"शाबास बाई," पोस्टमन म्हणाला आणि निघून गेला. हवालदार गेले. हेडमास्तर "धन्यवाद" म्हणून गेले. शिंपी गेला. थोरले दीर सगळ्यांच्या शेवटी, मान खाली घालून गेले. मी म्होरकीला सोडलं, हात लुगड्याला पुसले, मोठ्या दिमाखात सायकलपाशी आले आणि इकडेतिकडे बघितलं.

दगड नव्हता.

सगळ्यांसाठी वाट मोकळी करून दिलेली बाई आता सायकल हातात धरून चालत होती. मेंढरं माझ्याकडे बघत होती. पुढचा मैलाचा दगड कुठे आहे ते मला माहीत होतं, आणि तो जवळ नाही हेही माहीत होतं. साहेबांची जीप कुठूनही येईल असं वाटत होतं. मी पळायला लागले. सायकल धरून पळताना तिचं पायट नडगीवर लागतं. त्याची खूण अजून आहे. शर्यतीत मिळालेली तेवढीच वस्तू.

दगडावर चढून बसले तेव्हा पुढे रस्ता रिकामा होता. मनात म्हटलं, गेली सायकल. कंपाउंडर आता तिच्यावर बसून सिनेमाला जाईल आणि मी कंदील घेऊन वस्त्यांवर पायी जाईन. त्या पायाळू पोराची आई आठवली. मग मी पाय मारले. आयुष्यात तितके जोरात मारले नव्हते. पदर खांद्यावर आला, मग कमरेला आला, मी लक्ष दिलं नाही.

मैलभर गेल्यावर पुढे पांढरा पटका दिसला.

थोरले दीर एकटेच होते. बाकीचे केव्हाच पुढे गेलेले. ते इतके सावकाश चालवत होते की सायकल उभी कशी राहतेय याचं नवल वाटावं. मला वाटलं, वय झालं, दम लागला. आधी जीव खालीवर झाला, मग लाज वाटली, आणि मग दोन्ही बाजूला राहून मुख्य गोष्ट ध्यानात आली. नऊ जणांत सात जण पुढे गेले होते. उरलो आम्ही दोघं. त्यांच्या पुढे गेले तर सायकल राहते. मागे राहिले तर जाते.

आणि थोरल्या दिरांच्या पुढे जायचं कसं?

आजच्या पोरींना हे सांगितलं तर हसतील. हसावंच. पण सव्वीस वर्षं ज्या माणसाच्या पुढून मी पाण्याची घागर घेऊन गेले नाही, त्याला सायकलनं मागे टाकायचं माझ्या पायांना जमेना. घंटी वाजवावी म्हटलं, तर थोरल्या दिरांना घंटी वाजवणं म्हणजे नावानं हाक मारण्यासारखं. मी आधी पदर डोक्यावर घेतला. त्यासाठी एक हात सोडावा लागला. एका हातानं सायकल धरायची सवय नव्हती, ती सापासारखी वळवळायला लागली. दुसरा हात लावला की पदर उडायचा. दोन मैल मी हेच केलं. हात सोड, पदर घे, हात धर, पदर गेला. आणि मघाशी लिहिलंच आहे, मला हळू चालवता येत नाही. मी त्यांच्या मागे अगदी जवळ जायची, मग घाबरून कचकन दाबायची, मग परत जवळ. ते मधेच थुंकायच्या निमित्तानं मान वळवून मागे बघत. बघितलं की मी खाली बघायची. रस्ता दिसायचा नाही.

मग ते खाकरले.

चांगलं मोठ्यानं, घरात उंबऱ्याबाहेर खाकरतात तसंच. आज मला कळतं की ते मला पुढे जा म्हणत होते. पण सव्वीस वर्षांची सवय. खाकरणं कानावर पडलं आणि मी, माझे हात, सायकल, सगळं मिळून बाजूला झालो. बाजूला भिंत नव्हती. नाली होती, आणि नालीच्या पलीकडे करडई.

करडईत पडल्याशिवाय करडई समजत नाही. तिला इतके काटे असतात की मेंढरंसुद्धा तोंड लावताना विचार करतात. मी त्यात बसले होते, पदर एकीकडे, चप्पल एकीकडे, आणि सायकलचं मागचं चाक वर फिरत होतं. रडू आलं नाही. पहिला विचार आला तो डोक्यावर पदर घ्यायचा. मी काट्यांसकट पदर डोक्यावर घेतला.

थोरले दीर उतरले. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि रस्त्याच्या कडेच्या लिंबाच्या झाडाला म्हणाले, "लागलं का म्हणावं?"

मी सायकल उचलून उभी केली. मला लागलं नाही हे ते नालीकडे न बघता, तिच्या आवाजावरूनच समजले असावेत.

"पुढं जावं म्हणावं. आमची चैन पडलीय. येळ लागंल."

लिंबाच्या झाडाला मी काय उत्तर देणार. मी सायकल रस्त्यावर आणली. आणि पुन्हा तेच. दगड नाही. पुढचा मैलाचा दगड दिसत नव्हता. मी सायकल धरून उभी राहिले. चालायला लागले असते तर त्यांच्या समोरून जावं लागलं असतं, आणि उभीच राहिले असते तर दिवस मावळला असता. ते झाडाकडे बघत होते, मी चाकाकडे.

मग थोरल्या दिरांनी आपली सायकल झाडाला टेकवली. ते शेताच्या बांधावर गेले. वाकले. बांधातला एक मोठा चपटा दगड हलवून हलवून मोकळा केला, दोन्ही हातांनी पोटाशी धरला, कण्हत रस्त्यापर्यंत आणला आणि माझ्यापासून पाच पावलांवर, रस्त्याच्या कडेला ठेवला. पायानं दाबून डुगडुगतो का ते बघितलं. खाली दगडाची एक बारीक चिपोटी घातली. परत दाबून बघितलं. मग झाडापाशी गेले, तोंड शेताकडे केलं, आणि खाकरले.

या वेळी मला समजलं.

मी दगडावर चढले, टांग टाकली आणि निघाले. त्यांच्या पाठीमागून जाताना एका हातानं पदर डोक्यावर धरला होता. सायकल इकडून तिकडे झाली, पण पडली नाही. पुढे वळणावर मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पडले असते.

परभणीच्या अलीकडे कमान बांधली होती आणि लोक जमले होते. साहेब खुर्चीवर बसले होते. माझं सगळं अंग काट्यांनी भरलेलं, लुगड्यात करडईची पानं, एक चप्पल तिथेच राहिलेली. लोक हसायला लागले, मग टाळ्या वाजवायला लागले, आणि सगळ्यांनी रस्ता अडवला. मला उतरायला मोकळी जागा लागते. ती मिळेना, म्हणून मी कमान ओलांडून मंडपाच्या दोरीत गेले. मंडपाची एक बाजू खाली आली. साहेबांच्या खुर्चीच्या बाजूची नव्हे, एवढीच देवाची दया.

"आठवा नंबर," जीपनं आमच्या आधी येऊन पोचलेले मामलेदार म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या सायकलकडे बघितलं. "नववा कोण?"

नववा बऱ्याच वेळानं आला. सायकल हातात धरून, सावकाश, पायी. लोकांनी त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवल्या, त्यात थोडी टिंगल होती. एका जणानं विचारलं, "काय मालक, भावजय पुढं गेली म्हणं?" थोरले दीर पटका सोडून तोंड पुसत म्हणाले, "चैन पडली." त्यांचे हात मी तेव्हा पाहिले. पडलेली चैन बसवली की हात कोपरापर्यंत काळे होतात, माझे कितीदा झालेत. त्यांच्या हातांना नुसती माती होती. बांधावरची.

साहेब म्हणाले, "ठीक आहे. सायकल बाईंकडे राहू द्या." कंपाउंडर पहिल्या गटातल्या पोरांबरोबर चहा पीत होता. त्याला हे नंतर कळलं, आणि तो मनापासून हळहळला.

परत येताना ते पुढे आणि मी मागे, पुष्कळ अंतर ठेवून. त्यांनी वेग इतका धरला होता की मला धाप लागली. वय झालं, दम लागला असं मी ज्या माणसाबद्दल म्हटलं होतं तो माणूस झरीपर्यंत एकदाही उतरला नाही.

आक्कांनी माझ्या पाठीतले काटे काढायला दिवा घेतला. मी विचारलं, "आक्का, ते का आले होते?"

"मला इचारतीस? मला तरी कुठं सांगितलं त्यांनी. सकाळी तेलाची कुपी शोधायलेत म्हणून कळलं." आक्कांनी एक काटा ओढला. "आता आल्यावर इचारलं तवा म्हणले, घरची बाई इतक्या लांब परक्या गड्यांत जायलीय. आपलं कुणीतरी असावं."

"मग मागं राहायचं. पुढं कशाला राहिले?"

"मागं राहिले असते तर तू चालवली असतीस व्हय? मागं बघत बघत नालीत गेली असतीस."

"पुढं राहिले तरी गेलेच की."

आक्का हसल्या आणि हसता हसता काटा आतच मोडला. तो चार दिवस दुखला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका वस्तीवरचा निरोप आला. पेटी बांधून सायकल बाहेर काढली तर दारासमोर, ओसरीच्या कडेला, एक नवा चपटा दगड बसवलेला. वरून सपाट, खाली चार चिपोट्या. थोरले दीर गोठ्यात बैलाला पाणी दाखवत होते आणि बैलाला सांगत होते, "रोज पाराकडं जायचं म्हंजी कटकट. दारातूनच बसावं."

मी दगडावर चढले. मला बघायला आक्का दारात आल्या, शेजारच्या दोघी आल्या. मी ऐटीत टांग टाकली. दगड भिंतीच्या फार जवळ बसवला होता. सायकल भिंतीला घासली, मी ओसरीवर पडले आणि पेटीतली कात्री खणखणत अंगणात गेली.

गोठ्यात खाकरण्याचा आवाज झाला. थोरल्या दिरांनी तोंड भिंतीकडे केलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. संध्याकाळी मी परत आले तेव्हा दगड दीड हात पुढे सरकवलेला होता.